पंफुल्याहून परतलेला मार्क

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१, २ तीमथ्य ४:९-१३



अपयशाचा विषय निघाला की आपण लगेच पेत्राकडे वळतो. आज मात्र ज्याचं अपयश बायबलमध्ये जेमतेम एका वाक्यात येतं, अशा एका तरुणाकडे पाहू या. योहान, ज्याला मार्क म्हणत.

पौल आणि बर्णबा पहिल्या सुवार्ता-दौऱ्यावर निघाले तेव्हा मार्क त्यांचा मदतनीस होता. कुप्र बेट पालथं घालून ते समुद्रापलीकडे पंफुल्यातल्या पिर्गाला पोहोचले, आणि तिथून मार्क यरुशलेमला परत गेला (प्रे. कृत्ये १३:१३). का? घरची आठवण, आजारपण, पुढच्या डोंगरवाटेची भीती, असे बरेच तर्क लोक करतात. लूक काहीच सांगत नाही, आणि मला ते आवडतं. आपल्या अपयशाचं कारण सगळ्या जगाला सांगायलाच हवं असं थोडंच आहे?

पण यरुशलेमला परत जाणं सोपं नव्हतं. तुरुंगातून सुटलेल्या पेत्राने ज्या घराचं दार ठोठावलं, ते मार्कच्या आईचं घर (१२:१२). विश्वासणारे तिथेच प्रार्थनेला जमले होते. म्हणजे घरी येऊन तोंड लपवायचीही सोय नाही! पुण्यातली नोकरी गेल्यावर, किंवा एमपीएससीचा शेवटचा प्रयत्न हुकल्यावर गावी परतलेल्यांना हे नीट कळेल. उपासना सुटते, आणि चर्चच्या दारातच कुणीतरी मावशी विचारतात, "अरे, कधी आलास? सुट्टी किती दिवस?"

पुढच्या दौऱ्याच्या वेळी बर्णबा म्हणाला, मार्कला बरोबर घेऊ. पौल म्हणाला, नको. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. पौल चुकला असं मी म्हणणार नाही. लुस्त्रात दगडमार होऊन तो मेला असं समजून लोकांनी त्याला गावाबाहेर टाकलं होतं. अशा वाटेवर मधेच परतणारा सोबती परवडत नाही. बर्णबाने मात्र मार्कला घेतलं आणि तो कुप्रालाच गेला. बर्णबाचा मूळ प्रांत तो, आणि मार्क आधी जिथे टिकला होता तीही हीच जागा. प्रचाराच्या भाषणांपेक्षा मला बर्णबाची ही समज मोठी वाटते. पडलेल्याला त्याने उपदेश दिल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. त्याने सोबत नेलं.

यानंतर प्रेषितांच्या कृत्यांमध्ये मार्कचं नाव नाही. दहाहून अधिक वर्षं गेली असावीत. मग पौलाच्या तुरुंगातल्या पत्रांत तो हळूच दिसू लागतो. कलस्सैकरांना पौल सांगतो की तो आला तर त्याचं स्वागत करा. फिलेमोनाच्या पत्रात सहकाऱ्यांच्या यादीत मार्क आणि देमास ही दोन्ही नावं आहेत. आता २ तीमथ्य ४ पुन्हा वाचा. देमास सोडून गेला आहे, जवळ फक्त लूक उरला आहे, आणि एकेकाळी सोडून गेलेल्या मार्कला पौल बोलावतो आहे. कारण काय, तर तो सेवेसाठी उपयोगी आहे!

त्याच दमात पौल काय मागतो? त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तकं. हिवाळा जवळ येतोय. "माझ्या जीवनाचा उद्देश काय?" असं आपण विचारतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य असतं. मार्कच्या वाट्याला आलं ते एका एकाकी म्हाताऱ्या कैद्याजवळ जाणं. सुरुवातीला जे मदतनीसाचं काम त्याच्या हातून सुटलं होतं, तेच.

आणखी एक गोष्ट. पेत्र त्याला प्रेमाने आपला मुलगा म्हणतो (१ पेत्र ५:१३). प्राचीन मंडळीची परंपरा सांगते की पेत्राने सांगितलेलं मार्कने लिहून ठेवलं, आणि तेच मार्ककृत शुभवर्तमान. त्यात पेत्राचा नकार जराही झाकलेला नाही. परत आलेल्या दोन माणसांचा त्या पुस्तकाला हात लागला आहे.

आज निदान एका व्यक्तीला फोन करा. कदाचित तुम्ही कुणाचे तरी बर्णबा असाल.

प्रार्थना : प्रभू येशू, जे घरी परतले आहेत आणि रविवारी मंडळीत यायला लाजतात, त्यांच्या शेजारी आज कुणाला तरी बसव. आमच्या हातून सुटलेलं काम पुन्हा आमच्या हाती दे, ते लहान असलं तरी चालेल. आमेन.