गाडीची चकाकी आणि काकूंची बादली

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ (काही प्रतींत ८)

मित्रांनो, ज्ञान कशाला म्हणायचं हे सांगताना भगवंत या श्लोकात गुणांची यादी देतात. पहिलेच दोन गुण अमानित्व आणि अदंभित्व, म्हणजे मान न मागणं आणि दिखावा न करणं. थोडं पुढे शौच येतं, म्हणजे स्वच्छता. मी हे सगळे शब्द वर्षानुवर्षं एका दमात म्हणून मोकळा व्हायचो. पण स्वच्छतेच्या नावाखाली दिखावा बेमालूम लपू शकतो, हे मला मागच्या खंडेनवमीला कळलं. तेही आमच्या पार्किंगमध्ये!

माझी गाडी गडद निळी, सात वर्षांची. रोज ऑफिसला निघताना मी कोरड्या फडक्याने तिच्यावरची धूळ झटकायचो. त्या धुळीनेच रंगावर बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे पडले होते. सावलीत दिसायचे नाहीत, उन्हात लगेच दिसायचे. दसऱ्याला गाडीची पूजा, झेंडूचा हार, म्हणून ठरवलं की या वेळी घरीच पॉलिश आणि वॅक्स करायचं.

यातला फरक आधी सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहून पातळ. पॉलिशमधले बारीक कण ओरखडा भरत नाहीत. ते आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. म्हणून पॉलिश वारंवार करायचं नसतं, प्रत्येक वेळी थोडा थर कायमचा जातो. वॅक्सचं काम वेगळं. ते वरून पातळ संरक्षण देतं, चमक देतं आणि काही आठवड्यांत उतरतं.

तर मी सकाळी पाइप लावला. शाम्पू, पाणी, पुन्हा पाणी. मग सावलीत एकेक पत्रा घेऊन पॉलिश, त्यावर वॅक्स, ते पांढुरकं दिसायला लागलं की मायक्रोफायबरने पुसायचं. खांदे भरून आले, पण संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब दिसत होतं. फोटो काढला, स्टेटसला टाकला. कोणी कोणी बघितलं ते दर पाच मिनिटांनी तपासत होतो, हेही कबूल करतो.

सात वाजता सोसायटीची टाकी संपली. चौथ्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन खाली आल्या. "अरे, तुमच्याकडे पाणी भरून ठेवलेलं आहे का रे? उद्याच्या नैवेद्याचं सगळं अडलंय." मी घरातून बादली भरून आणून दिली. जाताना काकूंनी गाडीकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "छान चमकवलीस हं गाडी!"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. काही भागांत आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. त्या रात्री मी हिशोब केला. आमच्या पाइपने १५ लिटरची बादली साधारण मिनिटात भरते. पाइप एकूण अर्धा तास तरी चालू होता, म्हणजे ४५० लिटर. तीस बादल्या! टाकी एकट्या माझ्यामुळे संपली असं नाही, पण त्यातल्या तीस बादल्या माझ्या होत्या.

आईला म्हटलं, "हे सगळं दिखाव्यासाठीच होतं बहुतेक. आता गाडीला हात लावणार नाही." आई म्हणाली, "वेडा आहेस का? मी देवाची भांडी चिंचेने घासते, तो काय दिखावा असतो? वस्तू नीट ठेवावी. पण भांडी घासताना मी नळ सोडून बसते का, ते बघितलंयस कधी?"

मला वाटतं, आईने श्लोकच उलगडला. दोष चमकेचा नव्हता. माउलींनी ज्ञानेश्वरीत शुचित्व सांगताना कापराचा दाखला दिला आहे, कापूर आतबाहेर एकसारखा शुद्ध असतो. माझं बाहेर चकचकीत होतं आणि आत स्टेटसचे व्ह्यूज मोजणं चालू होतं. शिवाय माझ्या स्वच्छतेची किंमत चौथ्या मजल्यावर कोणीतरी भरत होतं. दुसऱ्याच्या वाट्याचं घेऊन केलेली स्वच्छता शौच या शब्दात कशी बसेल?

आपल्या शहराचं पाणी जायकवाडीहून, पैठणच्या नाथसागरातून येतं. जलाशयाला नाव संत एकनाथांचं. नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. देवासाठी राखलेलं पाणीसुद्धा तहानेपुढे थांबलं नाही. आणि मी नाथांच्याच नावाच्या सागरातलं पाणी बॉनेटवरून गटारात सोडत होतो.

अजून एक गोष्ट वाचली आणि गप्पच बसलो. गाडीच्या वॅक्समध्ये वापरतात ते कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. तो कोरडा प्रदेश. पानातला ओलावा उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःवर मेणाचा थर धरतं. म्हणजे ते झाड ज्याने पाणी वाचवतं, ते लावण्यासाठी मी पाणी उधळलं!

आता मी काय करतो? वॅक्स करतो, पाइप लावत नाही. वॅक्स केलेल्या पत्र्यावर धूळ घट्ट बसत नाही, त्यामुळे दोन बादल्या पुरतात. एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. कोरडं फडकं फिरवत नाही. पॉलिश मात्र पुन्हा केलं नाही. काही खोल ओरखडे राहिलेत, ते घालवायला थर तेवढा घासावा लागेल. राहू देत. त्यातला एक माझ्या मुलीच्या सायकलचा आहे.

मनाचंही असंच असावं. सत्संगाला जाऊन आलो, छान वाटलं, तो वॅक्स. चार दिवस टिकतो, आणि तोही हवाच. पण अहंकाराचा ओरखडा जायचा असेल तर आपलाच थर थोडा घासला जातो, आणि ते कोणाला दाखवता येत नाही. काकूंसमोर बादली धरून उभा होतो तेव्हा माझं थोडंसं पॉलिश झालं असेल, एवढंच म्हणतो.

आजचा प्रश्न : माझ्या घरातल्या स्वच्छतेची, पूजेची, सजावटीची किंमत नकळत दुसरं कोणी भरतंय का?

आजचा संकल्प : जे काही धुवायचं ते बादलीने. आणि एक चांगलं काम असं, ज्याचा फोटो काढायचा नाही.

राम कृष्ण हरी 🙏