रिकाम्या वाडीची सभा

पेण-रोह्याच्या डोंगराकडच्या वाड्यांत दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतात. कातकरी माणसं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. आणि जंगलाचा आराखडा करायची सभा ठेवली माघात! नकाशा होता, चहा होता. समोर वीस-पंचवीस माणसं, बहुतेक म्हातारी.

"भाऊ, शेवळं कुठं उगवतात ते माझी सून जाणते. ती भट्टीवर हाय," एक आजी म्हणाली. अंगठ्यासाठी कागद तिच्यापुढं मीच धरला होता.

२००६च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. २०१२च्या दुरुस्तीनं निम्मी माणसं हजर हवीत, त्यांत तिसरा हिस्सा बाया, असं ठरवलं. गडचिरोलीत मेंढा-लेखा तर एकमताशिवाय निर्णयच घेत नाही. पण एकमताला माणूस गावात लागतो; इथं भट्टीवाल्याची उचल घेतलेली. मग न आलेल्याचं गप्प राहणं होकारात धरायचं? खैराच्या काथावरून ज्यांचं नाव पडलं, त्यांच्यामागं खैर कुठं राखायचा हे आपण ठरवायचं?

सभा ज्येष्ठात घेऊ, मी म्हटलं. निधी मार्चअखेर संपतो, उत्तर आलं.

आजीनं अंगठा दिला नाही. "सुनंला इचारून सांगते," म्हणाली. मी शाईची डबी मिटली.