सिकलसेल, मौन आणि चौथे शील



इंग्लंडमध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीलाच मिडवाइफ एक फॉर्म भरून घेते. बाळाच्या आईचे आणि वडिलांचे पूर्वज कुठले, हे त्यात विचारलेले असते. त्यावरून आणि रक्ततपासणीवरून सिकलसेल व थॅलेसेमियाची शक्यता पाहिली जाते. पुढे मिडवाइफ विचारते, "घरात कोणाला सिकलसेल आहे का?" आपल्यातले काही जण चटकन सांगतात, "नाही, आमच्याकडे तसं काही नाही." हे उत्तर दर वेळी खरे असते का? आणि माहीत असूनही आपण गप्प राहिलो, तर त्या मौनाला मुसावाद म्हणायचे की स्वतःचे रक्षण?

प्रश्न आपल्या घरातला आहे. भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. नंतर विदर्भातही तो मोठ्या प्रमाणात आढळला. आदिवासी समाजांबरोबरच नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो आहे. आपण विमानाने आलो, तसे हे जनुकही आपल्याबरोबर आले.

आधी विज्ञान समजून घेऊ. हिमोग्लोबिनचे हे जनुक आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. एकच बदललेले असेल तर माणूस एएस, म्हणजे वाहक. तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोन्ही बदललेली असतील तर एसएस, म्हणजे आजार. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडवतात, असह्य वेदना होतात, जंतुसंसर्ग आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, एएस असण्याची 50 टक्के आणि दोन्ही जनुके साधी असण्याची 25 टक्के. "पहिलं बाळ एसएस झालं, आता पुढची तीन सुटली," हा हिशेब चुकीचा आहे. नाणे दर वेळी नव्याने उडते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एएस असणाऱ्याला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकले: आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आणि आपल्याकडेही. यात रक्ताचा कमीपणा कसलाच नाही. आपल्या पूर्वजांनी डासांच्या प्रदेशात तग धरल्याची ही खूण आहे.

मग आपण लपवतो का? दोन कारणे दिसतात. एक, लग्न. मुलीचा एएस रिपोर्ट बाहेर आला तर स्थळे परत जातील, ही भीती. दुसरे कारण खोल आहे. ज्यांच्या रक्ताला शतकानुशतके विटाळ म्हटले गेले, त्यांनी आता "आमच्या रक्तात दोष आहे" असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे? ही भीती खोटी नाही. तिला हसून उडवणारा माणूस आपला इतिहास विसरलेला आहे.

पण विनयपिटकातली एक कथा आठवा. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. त्याचा कोणाला उपयोग नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. मग भिक्खूंना बजावले की इथे तुमची सेवा करायला आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे. परदेशात राहणाऱ्या आपल्याइतके हे कोणाला लागू पडेल?

याच ठिकाणी चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. त्यातला एक असा: सेवा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगणे. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच. म्हणजे आजाराबद्दल खरे बोलणे हा धम्माने रुग्णाकडून अपेक्षिलेला गुण आहे.

याचा अर्थ आपला रिपोर्ट विहाराच्या फळ्यावर लावायचा, असा नाही. शेजाऱ्याला, ऑफिसला, नातेवाइकांच्या ग्रुपला तो जाणण्याचा हक्क नाही. तिथे गप्प राहणे हे खोटे बोलणे नव्हे. पण ज्याच्या निर्णयावर आपल्या मौनाचा परिणाम होतो, त्याला तो हक्क आहे. होणारा जोडीदार, सख्खी भावंडे, भूल देणारे डॉक्टर, मिडवाइफ. त्यांच्यासमोर लपवले तर वेदना सोसणार दुसराच कोणी, तोही अजून न जन्मलेला. मुसावाद इथे सुरू होतो.

कोणी म्हणेल, हे पूर्वकर्माचे फळ आहे. मोलिय सीवकाला भगवंतांनी स्पष्ट सांगितले होते की माणूस भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे बरोबर नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणे त्यांनी मोजून दाखवली. बाबासाहेबांनी तर मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांतच नाकारला. तेव्हा एसएस बाळाच्या आईला "तुझंच काहीतरी" असे म्हणणे हा धम्म नाही.

आता उरलेला अर्धा भाग आपला, समाजाचा. त्याच कथेत सेवा करणाऱ्याचेही पाच गुण आहेत. मैत्रीभावाने सेवा करणे, किळस न करणे, धीर देणे हे त्यात येते. खरे बोलणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर खोट्याची जबाबदारी एकट्या बोलणाऱ्याची राहत नाही. एएस म्हटल्यावर सोयरीक मोडणारा समाजच खोटे बोलायला शिकवतो. दोघांनी आधी तपासणी करून, समजून-उमजून लग्न करावे, आणि दोघे एएस असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन स्वतःचा निर्णय घ्यावा. तो निर्णय त्यांचा, आपला नाही.

म्हणून एवढे करा. तुमचा पॅटर्न माहीत नसेल तर जीपीकडे साध्या रक्ततपासणीबद्दल विचारा. बाळाच्या टाचेतून पाचव्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा निकाल जपून ठेवा आणि ते मूल मोठे झाल्यावर त्याला सांगा. गावाकडच्या भावंडांनाही कळवा. आणि पुढच्या वेळी कोणी विश्वासाने "मी एएस आहे" असे सांगितले, तर चेहरा न बदलता फक्त ऐका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.