मोठें आणि स्पष्ट

दुर्बिणीच्या ज्या टोकाशीं आपण डोळा लावतों, तेथील भिंगांच्या लहानशा नळीस नेत्रिका म्हणतात. ती निवडण्याचा प्रसंग आला, म्हणजे हौशी निरीक्षक बहुधा प्रथम विचारतो, कीं कोणत्या नेत्रिकेनें चंद्र सर्वांत मोठा दिसेल? हा प्रश्न वरवर खरेदीचा दिसला, तरी त्यांत नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें. जें अंधुकच कळलें आहे, तें मोठें करून पाहण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे?

मुख्य भिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतरानें भागिलें, कीं वर्धन निघतें. १०० मिलिमीटर व्यासाच्या व १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरची नेत्रिका लाविली, तर वर्धन ४० पट होतें. ४ मिलिमीटरची लाविली, तर २५० पट. परंतु प्रकाश जमवितें तें मुख्य भिंग; नेत्रिका त्यांत एका किरणाचीही भर घालीत नाहीं. वर्धन दुप्पट केलें, कीं तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो व बिंबाचें तेज चतुर्थांश होतें. हवेचें कंपन मात्र बिंबाबरोबर वाढतें. म्हणून व्यासाच्या दर मिलिमीटरास सुमारें दोन पट, ही मर्यादा जाणते लोक सांगतात. उत्तम नेत्रिकेचा गुण निराळाच आहे : आलेला प्रकाश ती वायां घालवीत नाहीं आणि दृश्य कडेपर्यंत रेखीव ठेविते.

व्यवहारांत आपण याच्या उलट वागतों. शेजारच्या घरांतील एक चढलेला आवाज, सासूचा किंवा सुनेचा एक तुटक शब्द, एवढ्याशा प्रकाशावर आपण त्यांच्या स्वभावाचें केवढें तरी चित्र उभें करितों. आकार वाढला म्हणजे ज्ञान वाढलें, असें समजतों. चित्रांतील थरथर आपल्याच मनाची असेल, हें ध्यानांतही येत नाहीं.

मग भिऊन थोडक्यांतच समाधान मानावें काय? तसें नव्हे. विल्यम हर्शल यानें १३ मार्च १७८१ रोजीं २२७ पट वर्धनानें एक अनोळखी बिंब पाहिलें व मग ४६० आणि ९३२ पटींच्या नेत्रिका लाविल्या. तें बिंब वाढलें; शेजारचे तारे त्या प्रमाणांत वाढले नाहींत. इतक्या वर्धनानें तें धूसरही दिसलें. पण तें आपल्या प्रकाशास पेलेल त्याहून अधिक मोठें केलें गेलें आहे, हें हर्शलनें जाणलें व तसें नमूद केलें. त्यानें त्यास धूमकेतु मानिलें. पुढें तो युरेनस ग्रह ठरला. तेंच वर्धन शेजारच्या ताऱ्यांसही लागू होतें, म्हणूनच तें परीक्षेचें साधन होऊं शकलें.

म्हणून पहिली नेत्रिका कमी वर्धनाची, पण उत्तम प्रतीची घ्यावी, असें आम्ही सुचवितों. आणि कोणा मनुष्याचा दोष मोठा करून पाहावयाचाच असेल, तर तीच नेत्रिका आधीं आपल्या दोषांसही लावून पाहावी.