झिजलेला गिअरबॉक्स

सोयाबीनच्या हंगामात वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजार समित्यांत पोती पोहोचवणाऱ्या जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स सहसा एकाएकी बसत नाही. आधी गिअर टाकताना खरखर होते, मग ॲक्सिलरेटर सोडताच गिअर सटकू लागतो. न्यूट्रलमध्ये घरघर येऊन क्लच दाबताच थांबली, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो.

तपासणी मात्र क्लचपासून सुरू व्हावी. उभ्या गाडीत रिव्हर्सही खरखरत असेल तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही, आणि गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो. त्यानंतर ऑइल काढून पाहावे. त्यात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोनायझरची पितळी रिंग झिजली आहे. पोलादी तुकडे निघाले तर दात तुटले आहेत.

ही रिंग घर्षणाने गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवते. तिच्या आतल्या बारीक चरा गुळगुळीत झाल्या की दात दातांवर आदळतात. रिंग गिअरच्या शंकूवर दाबून मधली फट फिलर गेजने मोजावी. कंपनीच्या पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा ती कमी भरली तर रिंग बदलावीच. सटकणाऱ्या गिअरसाठी फोर्क आणि स्लीव्हची झीज पाहावी.

बॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची, तर सील, क्लच प्लेट व रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. ऑइल पुस्तिकेतल्याच ग्रेडचे घ्यावे, कारण काही ऑइलमधली गंधकयुक्त रसायने पितळ खातात. गाडी सपाट जागी उभी करून ते भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत भरावे.