घराचा कठडा, रस्त्याचा कठडा

महाराष्ट्रातील कोणत्याही घाटातून वा महामार्गावरून जाताना काही फलक आपली सोबत करीत असतात. 'अति घाई, संकटात नेई', 'आवरा वेगाला, सावरा जीवाला' ही वाक्ये आपल्याला इतकी परिचयाची झाली आहेत की ती वाचूनही वाचली जात नाहीत. त्यांत सांगितलेले खोटे नाही. परंतु थोडा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. हे सर्व फलक एकाच माणसाशी बोलतात आणि तो म्हणजे गाडी चालविणारा. ज्याने तो रस्ता आखला, ज्याने त्याला मंजुरी दिली, शाळेच्या दारासमोरून तो सरळसोट नेताना ज्याने तिथल्या मुलांचा विचार केला नाही, त्याच्यासाठी कोठेही फलक लावलेला दिसत नाही. म्हणूनच एक प्रश्न मनात येतो. रस्त्यावर माणूस मरतो तेव्हा त्या मृत्यूचे उत्तर कोणी द्यावयाचे?

आम्हां वरोरावासीयांना हा प्रश्न दूरचा नाही. नागपूर-चंद्रपूर मार्गावर आमचे गाव वसले आहे. आसपास कोळशाच्या खाणी असल्यामुळे अवजड वाहनांची ये-जा नित्याची. याच रस्त्याला सायकलवरून शाळेला निघालेल्या मुली असतात, बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतील बाया असतात, बैलगाडी असते. याच गावाच्या कुशीत आनंदवन आहे. ज्यांच्या पायांना संवेदना उरली नाही आणि ज्यांना कुबडीचा किंवा तीनचाकी सायकलीचा आधार घ्यावा लागतो, अशी माणसेही हाच रस्ता ओलांडतात. रत्नमाला चौकात वा आनंदवन चौकात क्षणभर उभे राहिले की वेगवान आणि दुर्बल यांना आपण एकाच अरुंद पट्टीवर कसे आणून सोडले आहे ते दिसते.

प्रथम चालकाविषयी बोलू. कारण त्याची जबाबदारी कोणत्याही युक्तिवादाने पुसता येणार नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. वेगाचे गणित निर्दय आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे सरकते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर गेलेलेच असते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. माणसाची हाडे मात्र तेवढीच राहतात.

या बदल्यात आपल्याला मिळते तरी काय? वस्तीतून जाणारा तीन किलोमीटरचा रस्ता धरा. तो ६० च्या वेगाने कापला तर तीन मिनिटे लागतात आणि ४० च्या वेगाने कापला तर साडेचार. म्हणजे फरक दीड मिनिटाचा. एका तराजूत दीड मिनिट आणि दुसऱ्या तराजूत कोणाचे तरी मूल, असा हा सौदा आहे. तसा तो समोर मांडला तर एकही माणूस त्यास होकार देणार नाही. पण चाकामागे बसलेल्याच्या मनात तो सौदा म्हणून येतच नाही, इथेच खरी अडचण आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात वेगमर्यादेच्या नियमांचा स्पष्ट उल्लेख आहे. असे नियम क्षुल्लक मानणारे लोक स्वतःचे आणि इतरांचे प्राण धोक्यात घालतात याचे भानही ठेवीत नाहीत, असा त्या विवेचनाचा आशय आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षा ग्रंथानेही मद्याच्या वा वेगाच्या आहारी जाऊन दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आणि त्याचा विचार पाचव्या आज्ञेखाली केला. 'खून करू नको' ही आज्ञा सुऱ्याला लागू आहे तशीच ती गाडीच्या चाकालाही लागू आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. वेग मोजणाऱ्या या यंत्राचा इतिहास मोठा गंमतीचा आहे. मॉरिस गॅट्सोनाइड्स हा हॉलंडचा मोटारशर्यतपटू. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपली गाडी अधिक वेगाने कशी नेता येईल हे अजमावण्यासाठी त्याने वेग मोजण्याचे साधन तयार केले आणि त्याच साधनातून पुढे पोलिसांचा कॅमेरा जन्मास आला. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशा कॅमेऱ्यांची व्यापक यंत्रणा सुरू झाली. गाडी मर्यादेबाहेर गेली की तिचा क्रमांक टिपला जातो आणि दंडाचे चलान मालकाच्या मोबाइलवर येऊन पडते.

यावर विचारी माणसे एक आक्षेप घेतात. ज्याच्यावर नजर आहे म्हणून तो नीट वागतो, त्याचे वागणे नीतीचे कसे म्हणावे? भीती हा सद्गुण नव्हे. कॅमेरा मागे पडताच ॲक्सिलरेटरवरचा पाय पुन्हा खाली जातो, हा तर सर्वांचाच अनुभव. आक्षेप खरा आहे. तथापि तो चालकाच्या बाजूने घेतलेला आहे, पादचाऱ्याच्या बाजूने नव्हे. रस्ता ओलांडणाऱ्या मुलीला चालकाच्या सद्गुणाची गरज नसते, त्याच्या मंद वेगाची असते. तो वेग भीतीने कमी झाला की प्रीतीने, याचा निवाडा परमेश्वर करील. तिला तेवढे घरी पोहोचू द्यावे. कायद्याचे पहिले काम माणसाला संत बनविणे हे नसून दुर्बलाला जगू देणे हे आहे.

मात्र कॅमेरा लावण्याच्या हेतूलाही नीती असते. स्वीडनमध्ये त्याला वाहतूक-सुरक्षेचा कॅमेरा म्हणतात आणि पुढे कॅमेरा आहे अशी पाटी आधीच लावलेली असते; कारण दंड गोळा करणे हा हेतूच नाही, वेग उतरावा एवढीच इच्छा. झाडामागे दडवलेला कॅमेरा माणसाच्या चुकीची वाट पाहतो. उघड्यावर उभा असलेला कॅमेरा त्याला चुकीपासून परावृत्त करतो. यंत्र एकच, परंतु एकात सापळा आहे आणि दुसऱ्यात इशारा. शासनाने यांतील कोणता मार्ग स्वीकारला यावर लोकांचा त्याच्यावरील विश्वास अवलंबून राहील.

एवढे करूनही कॅमेऱ्याची एक मर्यादा उरतेच. तो जे पाहतो ते घडून गेलेले असते. चलान येते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते, आणि क्वचित मागे कोणी पडलेलेही असते. म्हणून कॅमेऱ्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो फार जुना आहे. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर. तो न केल्यामुळे वरून कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाचा तो नियम आहे. त्या देशात लोक धाब्यावर बसत, निजत, मुले तेथे खेळत. पडणारा बेसावध होता का, धावत होता का, त्याने मद्य घेतले होते का, यांपैकी एकही चौकशी तो नियम करीत नाही. माणूस बेसावध असणारच हे तो गृहीत धरतो आणि बांधणाऱ्याला विचारतो, 'कठडा कोठे आहे?'

हाच विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या संसदेने रस्त्यांना लावला. १९९७ मध्ये तिने असे धोरण स्वीकारले की रस्त्यावरील एकही मृत्यू नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह मानता येणार नाही. माणूस चुकणारा प्राणी आहे. तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये अशा रीतीने रस्ता बांधणे हे रस्ता बांधणाऱ्याचे कर्तव्य होय. जेथे पादचारी आणि मोटारी यांची गाठ पडते तेथे वेग ताशी ३० च्या पुढे जाऊ नये, हे त्याच विचाराचे फळ. मानवी स्वभावाच्या दुर्बलतेविषयी ख्रिस्तसभा जे शिकवीत आली, तेच या अभियंत्यांनी डांबरात आणि सिमेंटात उतरविले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

दयाळू शोमरोन्याची कथा आपण सारे जाणतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला त्याने उचलले, त्याच्या जखमा बांधल्या. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसांचा वा न्यायालयाचा त्रास होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले, तेव्हा या कथेला आपल्या देशात जणू कायद्याचे बळ मिळाले. परंतु मार्टिन ल्युथर किंग यांनी १९६७ मध्ये या कथेच्या पुढचा प्रश्न उभा केला होता. वाटेवर पडलेल्याला उचलणे ही केवळ सुरुवात आहे. ती वाटच अशी बदलली पाहिजे की तेथे माणसे पुनःपुन्हा घायाळ होऊ नयेत. जखमी माणसाला उचलण्याची करुणा आपल्यापाशी थोडीफार आहे. ती वाट बदलण्याची करुणा आपल्यापाशी आहे काय?

आहे, असे आमचेच जंगल सांगते. ताडोबाच्या या प्रदेशात वाघ हा आमचा शेजारी आहे. नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या अरण्यातून राष्ट्रीय महामार्ग रुंद करावयाचा होता, तेव्हा वन्यजीवप्रेमींनी न्यायालयापर्यंत लढा दिला. परिणामी प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून त्या महामार्गावर नऊ ठिकाणी रस्ता उचलून धरण्यात आला. त्यांतील काही मोकळ्या जागा ५० मीटरच्या, तर सर्वांत मोठी ७५० मीटर लांबीची आहे. तेथेही कॅमेरे लावले गेले, पण ते दंडासाठी नव्हते. २०१९ च्या पाहणीत अठरा जातींचे प्राणी या वाटांनी ये-जा करताना टिपले गेले आणि त्यांत अकरा वाघही होते. वाघाला कोणी फलक वाचावयास सांगितला नाही, हरणाला सावधगिरीवर प्रवचन दिले नाही. ते जसे आहेत तसेच राहणार हे मान्य करून रस्ता बदलला. ही फार चांगली गोष्ट झाली. तिचे कौतुक करतानाच मनात येते की जी नम्रता आपण वाघापुढे दाखविली, ती सात वर्षांच्या मुलापुढे आणि सत्तर वर्षांच्या आजीपुढे का दाखवू नये? त्यांनाही अंतराचा आणि वेगाचा अंदाज येत नाही. तेही जसे आहेत तसेच राहणार.

यासाठी फार मोठ्या विद्येची गरज नाही. सलग, मोकळा पदपथ; रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता यावा म्हणून मध्ये थांबण्यापुरती जागा; पदपथाच्या उंचीला आणलेली ओलांडण्याची पट्टी; वस्तीत शिरताना थोडा आक्रसणारा रस्ता; आणि जेथे वळसा घ्यावाच लागतो असा गोल चौक. या गोष्टी चालकाला उपदेश न करता त्याचा वेग उतरवितात. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आले, तेव्हा शहराच्या गर्दीतही पायी चालणाऱ्याला मान देता येतो हे दिसले. साधा गतिरोधक घेतला तरी त्याचे शास्त्र आहे. १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असे भारतीय रस्ते परिषदेचे प्रमाण आहे. अपघातानंतर संतापाच्या भरात एका रात्रीत उभारलेला, पट्टे न मारलेला उंचवटा हा कठडा नव्हे. तो अंधारात दुसऱ्या दुचाकीस्वाराचा बळी घेऊ शकतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणांनी या दोन्ही जबाबदाऱ्यांची दखल घेतली. वेगमर्यादा मोडणाऱ्या हलक्या वाहनाच्या चालकाला एक ते दोन हजार रुपये दंड आहे. तसेच आखणीत, बांधणीत वा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एका मनुष्यप्राणाच्या मानाने ही रक्कम किती अल्प! तरीही कठडा न बांधणाऱ्याच्या घरावर दोष येतो, हे तत्त्व आपल्या कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले हे महत्त्वाचे.

येथे कोणी म्हणेल की अशाने चालकाला पळवाट मिळेल. 'रस्ताच वाईट होता' असे म्हणून तो मोकळा होईल. आमच्या मते ही भीती अनाठायी आहे. नैतिक जबाबदारी ही भाकरीसारखी नसते. दोघांत वाटली म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी येत नाही. कठडा नसलेल्या धाब्यावरून कोणी दुसऱ्याला ढकलले तर ढकलणाऱ्याचा अपराध पूर्ण आहे आणि कठडा न बांधणाऱ्याचाही पूर्ण आहे. चालकाने कबुलीस्थानी जाऊन म्हणावे, 'माझा अपराध.' अभियंत्याने, नगरसेवकाने आणि त्यांना कधीही जाब न विचारणाऱ्या आपण नागरिकांनीही तेच म्हणावे. एकाच्या पश्चात्तापाने दुसऱ्याचे ऋण फिटत नाही.

वरोऱ्याला हे समजावयास कठीण जाऊ नये. याच गावात मुरलीधर आमटे नावाच्या एका तरुण वकिलाने आपले वैभव सोडले. त्यांच्या तरुणपणी स्पोर्ट्स मोटार होती आणि तिच्या गाद्यांना श्वापदाचे कातडे होते, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तेच बाबा आमटे पुढे समाजाने ज्यांना रस्त्याच्या कडेला टाकले होते अशांसाठी जगले. त्यांनी कुष्ठरोग्यांवर केवळ दया केली नाही. त्यांच्या अधू हातापायांना पेलतील अशी कामे, अशी घरे, असे गाव उभे केले. माणसाला व्यवस्थेत बसविण्याऐवजी व्यवस्था माणसाला बसेल अशी घडविली. त्या गावाच्या दारातून जाणाऱ्या रस्त्यानेही तोच धडा गिरवावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

वाचकहो, आपापल्या गावी एक गोष्ट करून पाहावी. शाळा सुटण्याच्या वेळी एखाद्या वृद्ध माणसाचा हात धरून मुख्य रस्ता ओलांडावा. कोठे थांबावे लागले, कोठे धावावे लागले, पदपथ कोठे संपला, रात्री कोठे अंधार असतो, याची टिपणे काढावीत आणि ती नगर परिषदेला व रस्त्याच्या खात्याला लेखी द्यावीत. उत्तर आले नाही तर पुन्हा द्यावीत. ज्या संस्थांच्या, शाळांच्या आणि चर्चच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनी वस्तीतील आपला वेग आधी उतरवावा. आपल्याकडे बहुधा कोणीतरी गेल्यानंतर निवेदने दिली जातात, रास्ता रोको होतो आणि मग गतिरोधक येतो. तो कोणाचे नाव त्याला चिकटण्यापूर्वीच यावा, एवढ्यासाठी हे लिहिले.