रिपोर्ट कोणत्या भाषेत?

गडचिरोली जिल्हा पोलीस दलात शिपाई व्हायचे असेल तर अलीकडच्या भरतीत एक जादा पेपर द्यावा लागतो. धावणे, गोळाफेक, मराठी व्याकरण, अंकगणित, सामान्य ज्ञान हे राज्यभर आहे तसेच. त्यावर गोंडी आणि माडिया या भाषांची वेगळी लेखी परीक्षा. शिपायाला तिथल्या लोकांची बोली यायला हवी, हे राज्याच्या गृह खात्याने निदान एका जिल्ह्यापुरते तरी नियमात घातले.

त्याच विदर्भात वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनजला पोलीस ठाणे आहे. तिथल्या शिपायाला मराठीखेरीज आणखी एखादी भाषा यावी अशी कोणाची अपेक्षा नाही. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या तालुक्यांत बंजारा तांडे आहेत. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी म्हणजे तर बंजारा समाजाची काशी. तांड्यात घरी बोलली जाते ती गोरमाटी. पलीकडे अमरावती जिल्ह्याची हद्द लागते, आणि त्या बाजूला फासेपारध्यांचे बेडे. मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी उभी केलेली ‘प्रश्नचिन्ह’ शाळा मंगरूळ चव्हाळ्याची, म्हणजे शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलीच. धनजसारख्या ठाण्यात रिपोर्ट द्यायला येणाऱ्या माणसाची मायबोली मराठी असेलच असे धरून चालता येत नाही. भरतीचा नियम मात्र तसेच धरून चालतो.

हा फरक का? गोंडी गोरमाटीपेक्षा मराठीला जास्त परकी आहे, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. गोंडी द्राविडी कुळातली, गोरमाटी राजस्थानीच्या जवळची. वऱ्हाडी माणसाला गोरमाटीतले थोडेफार उमगते, गोंडीतले काहीच नाही. पण खरे कारण १९८० नंतरच्या गडचिरोलीत आहे. जंगलातल्या गावात कोण येऊन गेले, काय बोलून गेले, हे कळल्याशिवाय तिथे पोलिसांचा दिवस ढळत नव्हता. नक्षलवादी गोंडीत बोलत आणि पोलीस दुभाष्याचे तोंड पाहत. भाषेची गरज आधी राज्याला लागली, म्हणून ती परीक्षेत आली. पुढे तिचा उपयोग चांगल्या कामालाही झाला, हे मान्य करायला हवे. सरकारी योजनांचे कागद गावकऱ्यांना मिळवून देणाऱ्या गडचिरोली पोलिसांच्या उपक्रमाचे ‘दादालोरा खिडकी’ हे नावसुद्धा गोंडी वळणाचे आहे. वाशिममध्ये राज्याला अशी निकड कधी भासली नाही. तिथे गरज आहे ती लोकांना, आणि लोकांची गरज भरतीच्या जाहिरातीत क्वचितच उतरते.

माझे म्हणणे एवढेच आहे. पोलिसांनी लोकांची भाषा शिकण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे, पण ती माणूस पकडण्यासाठी शिकण्याची आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्ये कलकत्त्याला ‘रामसीआना’ छापले, तो ठगांच्या बोलीचा कोश होता. १९०८ मध्ये मायकेल केनेडी या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात एकेका जमातीचा पेहराव, गुन्ह्याची पद्धत आणि त्याच ओळीत बोली व बोलण्याच्या लकबी अशी टिपणे आहेत. केनेडीचे हे ज्ञान १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या सावलीत गोळा झाले. तो कायदा १९५२ मध्ये गेला आणि जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पारध्याच्या पोराला चोरीच्या संशयावरून उचलणारी नजर मात्र कायद्याबरोबर रद्द झाली नाही. त्याची बोली संशयिताची म्हणून टिपून ठेवली गेली. फिर्यादीची भाषा म्हणून तिच्याकडे ठाण्याने पाहिले नाही.

फिर्याद लिहिली कशी जाते ते पाहिले की या गोष्टीचे वजन कळते. विदर्भात लोक फिर्याद देत नाहीत, ‘रिपोर्ट’ देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी सांगितलेली खबर ठाणे अंमलदाराने लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आणि त्यावर सही घ्यायची. कागदावर जे उतरते ते सांगणाऱ्याचे बोलणे नसते. ‘मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर येऊन तोंडी रिपोर्ट देतो की’ इथून सुरू होणारी, ‘सदर इसमाने’, ‘लोटपाट करून’, ‘जिवाने मारण्याची धमकी दिली’ अशा ठरीव वळणांनी जाणारी आणि ‘माझे सांगणेप्रमाणे लिहिला, वाचून दाखविला, बरोबर आहे’ इथे थांबणारी ती पोलिसी मराठी असते. वऱ्हाडी शेतकऱ्याचे बोलणेही तिच्यात ओळखू येत नाही. पण त्याला निदान वाचून दाखवलेले समजते आणि ‘मी असं नाही म्हटलं’ असे तो म्हणू शकतो. गोरमाटीत विचार करणारी, बाजारापुरती मराठी बोलणारी तांड्यातली म्हातारी मान हलवते आणि अंगठा देते.

हा कागद मग कोर्टात जातो. दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, ती साक्षीला उभी राहते. आरोपीचा वकील रिपोर्ट हातात घेऊन विचारतो, की तुम्ही आज सांगता ते यात का नाही, आणि यात आहे ते आज का सांगत नाही? साक्षीदाराची भंबेरी उडवण्याचा हा रुळलेला मार्ग आहे आणि वकिलाचा त्यात दोष नाही. आरोपीच्या बचावाला तो हक्क हवाच. पण ज्या विसंगतीवर साक्ष कोसळते ती अनेकदा बाईच्या आठवणीत नसते. अंमलदाराने जे ऐकले, जे समजले असे त्याला वाटले आणि जे त्याच्या ठरीव वाक्यात बसले, त्या तीन पायऱ्यांवर ती तयार झालेली असते. मारहाणीच्या गुन्ह्यात कोणी आधी हात उचलला, अत्याचाराच्या गुन्ह्यात नेमके काय घडले, जळालेल्या बाईच्या मृत्यूपूर्व जबानीत नवऱ्याचे नाव कोणत्या क्रियापदाबरोबर आले, अशा ठिकाणी एका शब्दाच्या फरकाने माणूस सुटतो किंवा दहा वर्षे आत जातो.

कायद्याला हे अजिबात ठाऊक नाही असे नाही. अटकेतल्या माणसाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच स्पष्ट सांगितले. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती, स्थानबद्धाला इंग्रजी येत नव्हते आणि त्याने हिंदीतून मागितली होती. अधिकाऱ्याने तोंडी समजावले होते, पण न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. बालकांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा दुभाषी देण्याची तरतूद करतो. अपंग पीडितेचा जबाब दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यावा, असे कलम १७३ च सांगते. उरते ती धडधाकट, प्रौढ, गोरमाटी बोलणारी बाई. तिला काहीही झालेले नसते, फक्त भाषा वेगळी असते, आणि तेवढ्यासाठी ठाण्याने काही करावे असे कुठे लिहिलेले नाही. राज्यघटनेचे कलम ३५० मात्र सांगते, की गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येईल. कोणत्याही, म्हणजे आठव्या अनुसूचीत आहे की नाही हे न पाहता.

यावर हमखास येणारे उत्तर असते, ‘अहो, त्या लोकांना मराठी येते.’ येते, यात खोटे नाही. तांड्यातली पोरे मराठी शाळेत शिकली, कापूस-सोयाबीनच्या मोंढ्यात मराठीतच भाव ठरतो, ऊसतोडीला गेलेले पुरुष कोल्हापूरची मराठीही बोलून येतात. पण भाव विचारण्यापुरती भाषा येणे वेगळे आणि रात्री घरात काय झाले ते अनोळखी वर्दीवाल्याला सांगता येणे वेगळे. मराठी माणसाला हे समजायला खरे तर अडचण नको. हिंदी आपल्याला येतेच की. तरी पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले तेव्हा किती गदारोळ झाला आणि २९ जून २०२५ ला ते मागे घ्यावे लागले. बेळगाव, निपाणीकडच्या ८६५ गावांतल्या मराठी माणसाला कन्नडमधले सरकारी कागद का चालू नयेत, हे आपण साठ-सत्तर वर्षे सांगत आहोत, आणि बरोबर सांगत आहोत. ‘त्यांना कन्नड येते’ हे उत्तर आपण तिथे कधी ऐकून घेतले नाही.

गोरमाटीच्या वाट्याला तर दुहेरी अदृश्यपण आले. जनगणनेत ती लमाणी-लंबाडी आणि बंजारी या नावांनी येते, आणि या मातृभाषा हिंदीच्या गटात धरल्या जातात. २०११ मध्ये देशभरात पहिली सुमारे ३३ लाखांनी आणि दुसरी सुमारे १६ लाखांनी सांगितली, आणि हे सगळे आकडे हिंदीच्या बेरजेत गेले. वाशिमचा तांडा कागदोपत्री हिंदी भाषक. त्यामुळे जिल्ह्याच्या भाषांचा तक्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही वाटते, की हिंदी तर आपल्या शिपायांना येतेच. आणखी एक विचित्र गोष्ट. मराठीला राज्यकारभाराची भाषा करणारा राजभाषा अधिनियम १९६४ चा; त्या वेळी मुख्यमंत्री होते गहुलीच्या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक. घरी गोरमाटी बोलणाऱ्या माणसाच्या सरकारने मराठीला सिंहासन दिले, आणि ते योग्यच केले. त्याखाली एखादे पायपुसणेही आपल्या बोलीला मिळाले नाही याची त्यांना कधी खंत वाटली का, कोण जाणे.

मग बंजारा, पारधी मुलांनाच शिपाई करा, भाषेचा प्रश्न आपोआप सुटेल, असे सुचवले जाते. भरतीत त्यांना जागा मिळायलाच हव्यात, पण त्या न्यायाने, दुभाषी म्हणून नव्हे. शिवाय इथे एक अडचण आहे, तिच्याकडे उत्साही लोक पाहत नाहीत. तांडा म्हणजे नात्यांचे जाळे. ठाण्यात बसलेला बंजारा शिपाई रिपोर्ट द्यायला आलेल्या बाईच्या दिराचा मित्र किंवा नायकाचा पुतण्या निघण्याची शक्यता कमी नाही. पारध्यांत जातपंचायतीचा धाक अजून आहे. पंचायतीला न विचारता ठाण्याची पायरी चढणाऱ्या बाईने आपले म्हणणे आपल्याच जातीच्या माणसाच्या कानावर का घालावे? तिला हवा आहे तिची भाषा समजणारा, पण तिच्या घरच्यांशी देणे-घेणे नसलेला माणूस. असा माणूस जन्माने मिळत नाही, तो शिकवून तयार करावा लागतो. दुसऱ्या भाषेची अट कोणाच्या फायद्याची, या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणूनच उलटे आहे. ती खरी लागू व्हायला हवी कुणबी, माळी, बौद्ध, मुसलमान अशा शिपायांना, ज्यांच्या घरी गोरमाटी नाही.

आपल्या पद्धतीत एक सोयही आहे. शिपायाची भरती जिल्हावार होते आणि बहुतेकांची नोकरी त्याच जिल्ह्यात जाते. बाहेरून येणाऱ्या भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते. तो दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि रिपोर्ट सहसा लिहीत नाही. जो तीस वर्षे वाशिम जिल्ह्यातच रिपोर्ट लिहिणार आहे त्याला काही शिकवायचे नाही, हे कुठल्या हिशेबात बसते?

पण भरतीच्या वेळी पेपर घ्यावा का? इथे मी गडचिरोलीच्या मार्गाने जाणार नाही. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. एवढ्या गर्दीत भाषेचा बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर ठेवला, तर महिन्याभरात त्याचे गाईड निघेल, अकादम्या शब्दार्थ घोकून घेतील, आणि चारातून एक गोळा काळा करणाऱ्या मुलाला समोरच्या बाईचे एक वाक्यही कळणार नाही. बोलीची परीक्षा लेखी घेणे हाच मुळात उफराटा प्रकार. आयर्लंडमध्ये पोलीस भरतीला आयरिश येण्याची सक्ती होती, ती २००५ मध्ये काढली. राष्ट्रभाषेचा मान राखणारी अट नव्या स्थलांतरितांना दलाबाहेर ठेवत होती. आपल्याकडेही अट मानापमानाच्या राजकारणात गेली, तर हाच धोका आहे. मग गोरमाटीच्या आधी संस्कृत आणि मोडीचे मोर्चे निघतील.

त्यापेक्षा निवड झाल्यावर शिकवावे. अकोल्याला पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे. वाशिमच्या मुलांसाठी तिथे गोरमाटीचे तास ठेवावेत, आणि परिविक्षा काळात ठाण्याच्या हद्दीतल्या तांड्यावर ठरावीक दिवस काम. कायम करण्यापूर्वी तोंडी परीक्षा घ्यावी. समोरच्याने सांगितलेली घटना ऐकायची, मराठीत लिहायची आणि त्याच्याच बोलीत परत सांगून खात्री करायची. ज्याला जमेल त्याला महिन्याचा छोटा भत्ता. न जमणाऱ्याला घरी पाठवू नये, पण ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत उशिरा बसवावे. आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ सक्तीची असावी, की सांगणाऱ्याने कोणत्या भाषेत सांगितले आणि लिहिणाऱ्याला ती येते का. एवढ्या एका ओळीने उलटतपासणीतले निम्मे वाद वेगळे वळण घेतील, कारण विसंगती कुठे जन्मली ते न्यायाधीशाला दिसेल.

समृद्धी महामार्गावरच्या तेलुगू किंवा पंजाबी ट्रकचालकाचे काय, असे कोणी विचारेल. त्याच्यासाठी फोनवरचा दुभाषी पुरेल. तो एकदा येतो आणि जातो. पारध्यांचे अवघड आहे. त्यांची बोली लहान, लिहिलेली जवळजवळ नाही, आणि शिकवणारे आणायचे कुठून? तसे शिकवणारे आहेत. ज्यांना ठाण्यात आजवर फक्त संशयित म्हणून बसवले, तीच माणसे. परीक्षक म्हणूनही त्यांनाच बसवावे लागेल, आणि शिपायाला पास-नापास करण्याचा अधिकार बेड्यावरच्या बाईला द्यायला कोणता पोलीस अधीक्षक सहजी तयार होईल, हे सांगता येत नाही. तिचे मानधन कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे हा प्रश्न मात्र जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत सुटण्यासारखा आहे.